पद्मिनीच्या नावाने

४ मार्च २०१३, सोमवार

सकाळी वारा होता. सकाळची बोट आली नाही, दुपारची आली. कपडे धुतले आणि आतच वाळत घातले. ओहोटीला खाडीवर जाऊन आलो. गवत ठीक आहे.

संध्याकाळी सरपंच कुराता-सान आले. त्यांच्या पदाला इथे वेगळा शब्द आहे, पण काम सरपंचाचंच असल्यामुळे मी सरपंच लिहितो. माझी बायको पद्मिनी हिला जाऊन चार महिने होत आले. तेव्हा ते अंत्यविधीला आले होते, आज पुन्हा सांत्वनाला आले. सोबत देकोपोनच्या पेट्या होत्या. देकोपोन म्हणजे डोक्यावर टेंगूळ असलेली मोठी संत्री. पेट्या इतक्या झाल्या की दाराशी चप्पल काढायला जागा उरली नाही.

मी म्हणालो, "मी एकटा माणूस. एवढी कशी खाणार?"

"तेच ना. शेजारीपाजारी आहेत तुमचे. आणि लोक विचारतीलच, कुणाकडून आली म्हणून." एवढं बोलून ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

निवडून आलेल्या माणसाने गावात कुणालाही भेट द्यायची नाही, असा इथे कायदा आहे. घरी बसून मयताला फुलंसुद्धा पाठवता येत नाहीत. मी भीत भीत आठवण करून दिली. ते हसले. "तुम्ही परदेशी. तुम्हाला मत नाही. म्हणजे तुम्हाला दिलं ते कुणालाच दिलं नाही."

माझ्यासाठी त्यांनी कायद्याचा एवढा विचार केला, याचं बरं वाटलं.

६ मार्च

फळं वाटली. सरपंचांचं नाव घेणं मला प्रशस्त वाटलं नाही. फळं पद्मिनीसाठी आली होती. गेलेल्या माणसासाठी आलेली वस्तू त्याच्याच नावाने द्यावी, असं मी लहानपणापासून बघत आलो आहे. सरपंचही सज्जन माणूस, स्वतःचं नाव मिरवायला त्यांना आवडणार नाही. म्हणून जपानी वाक्य आधी घोकून घेतलं आणि प्रत्येक दारात वाकून म्हणालो, "पद्मिनीच्या नावाने."

शेजारच्या हात्सुए-सान ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि कानाने तिखट आहेत. पेटी बघून म्हणाल्या, "यंदा लवकर सुरू झालं."

फळांचा हंगाम म्हणत असाव्यात.

"आणि कुणाकडून म्हणालात?"

"पद्मिनीकडून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फळाकडे पाहिलं. "बरं आहे," म्हणाल्या आणि पेटी आत नेली.

रिकाम्या पेट्या सरपंचांकडे तशाच परत पाठवणं बरं दिसेना, म्हणून रव्याचे लाडू करून एका पेटीत भरून दिले. पाक चुकला. सरपंचांच्या पत्नी म्हणाल्या, फार टिकाऊ आहेत.

११ मार्च

भूकंपाला दोन वर्षं झाली. दुपारी बंदरावर सगळे एक मिनिट उभे राहिलो. इथे त्या दिवशी पाणी हातभरही वर आलं नव्हतं, पण टीव्हीवर जे पाहिलं ते कुणीच विसरलेलं नाही.

नंतर सरपंच समुद्री भिंतीबद्दल बोलले. ती खाडीच्या तोंडावर बांधायची आहे. म्हणजे पद्मिनीने तिच्या विद्यार्थ्यांबरोबर हाताने एकेक रोप लावून जिथे समुद्री गवत वाढवलं, बरोबर तिथे. या गवतात मासे अंडी घालतात. ते पूर्वी पार नाहीसं झालं होतं. त्यासाठीच तिला या बेटावरच्या संशोधन केंद्रात बोलावलं होतं, आणि मी नागोयातली नोकरी सोडून तिच्यामागे आलो. पाऊस संपल्यावर काँक्रीट पडायला लागेल. पडलं की गवत गेलं.

भिंतीचं तोंड मुख्य भूमीकडे आहे. मी विजेचा इंजिनियर, समुद्रातलं मला कळत नाही. तरी तिकडून त्सुनामी कशी येईल, हे समजलं नाही. काम सरपंचांच्या धाकट्या भावाच्या कंपनीकडे आहे. घरचाच माणूस असल्यामुळे काम जबाबदारीने होईल.

भिंतीला दुसरा पर्याय पंचायतीचे सभापती ओझाकी-सान यांचा. एप्रिलमध्ये तेच सरपंचांच्या विरोधात उभे आहेत. ते म्हणतात, भिंत पश्चिमेला हवी. तिथे त्यांचं पाहुण्यांचं लॉज आहे, त्यामुळे धोका त्यांना जास्त जाणवत असेल. भरावाची वाळू मात्र ते खाडीतूनच काढणार. वाळू काढायची बोट त्यांच्या मेहुण्याची आहे.

दोघांनीही मला शब्द दिला आहे की गवताची नीट काळजी घेतली जाईल. कशी, ते विचारायला हवं होतं.

१५ मार्च

ओझाकी-सान सांत्वनाला आले. बर्फात ठेवलेले ताई नावाच्या जातीचे मासे आणले, खोकेच्या खोके. मी मासे खात नाही हे त्यांना चांगलं माहीत आहे. लॉजवर पद्मिनीच्या पाहुण्यांचं जेवण असायचं, तेव्हा माझ्यासाठी वेगळं तोफू ते स्वतः काढून ठेवायचे. विसरले असतील. मी तसं म्हणालो.

"अरेरे!" ते म्हणाले. "मग आता यांचं काय करायचं?" पण चेहरा फारसा वाईट वाटल्यासारखा नव्हता. "ताजे आहेत. आजच वाटून टाकावे लागतील. लोक विचारतीलच—"

"हो, मी सांगेन," मी म्हणालो.

नाकाला रुमाल बांधून अंधार पडायच्या आत सगळे वाटले. पद्मिनीच्या नावाने. तिला मासे फार आवडायचे, तेव्हा तिच्या नावाने गेले हे बरंच झालं.

१७ मार्च, रविवार

कावासाकीहून तेजश्रीचा फोन. ती तिथे एका कंपनीत प्रोग्रॅमर आहे. जेवलात का, औषध घेता का, हे झालं. मग मी फळांचं आणि माशांचं सांगितलं.

"बाबा, सिरियसली? ते तुमच्याकडून इलेक्शनचं वाटप करून घेतायत!"

"अगं, सांत्वनाला आले होते."

"चार महिन्यांनी? ट्रकभर? शाकाहारी माणसाला मासे? बाबा, तुम्ही त्यांचे तक्क्यूबिन झालात!" तक्क्यूबिन म्हणजे घरपोच सामान पोचवणारे.

शहरात राहून तिचा माणसांवर विश्वास उरलेला नाही. आई गेल्यापासून तर प्रत्येकावर संशय घेते. मी वाद घातला नाही.

२४ मार्च

सरपंचांकडून साके आली. मी पीत नाही, हे तेही विसरले. पुरुषांचं विसरणं वयाबरोबर वाढत असावं. वाटली.

एक गोष्ट लिहून ठेवतो. हल्ली सकाळी दार उघडलं की पायरीवर काहीतरी असतं. कधी बांबूचे कोंब, कधी वाकामे या खायच्या समुद्री शेवाळाची जुडी, एकदा निळ्या फुलांची फांदी. बंदरावर तिकिटाच्या खिडकीतलं जोडपं म्हणालं, "सेन्सेईंची साके छान होती." शिक्षकांना आणि डॉक्टरांना इथे सेन्सेई म्हणतात. पद्मिनी होती तेव्हा लोक तिला "गवतवाली" म्हणायचे, आणि तिने गवताभोवती बांधलेल्या दोऱ्यांमध्ये जाळी अडकतात म्हणून तक्रार करायचे. आता म्हणतात, पादोमिनी सेन्सेई अशा होत्या, तशा होत्या. ऐकायला बरं वाटतं. त्यातलं थोडं खरंही आहे.

२९ मार्च

सरपंच आले. आज काही आणलं नव्हतं. बसले, चहा घेतला, हवेवर बोलले. मग म्हणाले, "बारुबे-सान, फळं लोकांना आवडली का?" बर्वे त्यांना जमत नाही.

"फार आवडली."

"मी बंदरावर चौघांना विचारलं, देकोपोन कशी होती म्हणून. चौघंही म्हणाले, सेन्सेईंची आठवण आली."

"हो. मी तिच्याच नावाने दिली."

"तिच्या नावाने."

"हो."

"आणि साके?"

"तीही."

"सगळी?"

"सगळी. एकही बाटली घरात ठेवली नाही."

त्यांनी दातांतून हवा आत ओढली. कठीण प्रश्न आला की इथले लोक असा आवाज काढतात. बराच वेळ ओढत होते.

"आणि ओझाकीचे मासे?"

"तेही तिच्याच नावाने."

यावर ते एकदम हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला. मी पाठ चोळली, पाणी दिलं. डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे त्याचंही गेलं!" मग दाराशी बूट घालताना थांबले आणि म्हणाले, "सेन्सेई गावात फार लोकप्रिय झाल्यात."

मी म्हणालो, मलाही ते आत्ताच कळतंय.

ते गेल्यावर कप धुतले. तेजश्री म्हणते ते खरं असावं. मला राग यायला हवा होता. आधी लाज वाटली, आणि मग, खरं सांगायचं तर, थोडं हसू आलं. हे पद्मिनीला सांगता आलं असतं तर ती जमिनीवर लोळून हसली असती.

६ एप्रिल, शनिवार

बंद पडलेल्या शाळेच्या हॉलमध्ये भिंतीची सभा झाली. सरपंचांनी कालच निरोप पाठवला होता, पहिल्या रांगेत बसा. मला वाटलं, कान कमजोर असलेल्यांसाठी असेल. पण शेजारची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर पद्मिनीचा फोटो ठेवला होता. केंद्राच्या माहितीपत्रकातला, मोठा करून घेतलेला.

सरपंचांनी पडद्यावर भिंत दाखवली. मग आवाज खाली आणला. "या भिंतीबद्दल दिवंगत सेन्सेई माझ्या कार्यालयात येऊन मला म्हणाल्या होत्या, कुराता-सान, उशीर करू नका. भिंत बांधाच."

ओझाकी-सान लगेच उठले. "माफ करा, पण मला त्या वेगळं म्हणाल्या. भिंत पश्चिमेला बांधा आणि खाडीतली वाळू काढा, म्हणजे माझ्या गवताला मोकळा श्वास घेता येईल."

तिचं जपानी उत्तम होतं. पण असलं ती कोणत्याच भाषेत बोलली नसती.

दोघं आळीपाळीने सांगत राहिले, सेन्सेई अमुक म्हणाल्या, सेन्सेई तमुक म्हणाल्या. मी फोटोकडे बघत होतो. तो काढला तेव्हा तिच्या नाकाला चिखल लागला होता, आणि तो पुसू नका असं तिनेच फोटोवाल्याला सांगितलं होतं. मागून हात्सुए-साननी माझ्या पाठीत कोपर मारलं आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजल्या, "तुमच्या बायकोला इथे दोन नवरे झाले की हो. तिसरा गप्प का?"

मी उठलो. भाषण मला मराठीतही येत नाही. फोटोच्या खुर्चीची पाठ धरली.

"मी पद्मिनीचा नवरा," मी म्हणालो. "तिला या दोघांनीही विचारलं होतं. वेगवेगळ्या दिवशी, माझ्या घरी. चहा मीच दिला होता. ती दोघांनाही नाही म्हणाली. खाडीला हात लावू नका म्हणाली. कुराता-साननाही आणि ओझाकी-साननाही. एवढंच."

आणखीही बोलायचं होतं. फळं, मासे, साके. पण ते खाल्लेले सगळे समोर बसले होते. मी बसलो.

पडद्यावर भिंत तशीच होती. सरपंच म्हणाले, वेळ झाली आहे. मग ठरल्याप्रमाणे चहा आणि तांदळाच्या कुरकुरीत चकत्या वाटल्या गेल्या. लोक चकत्यांकडे बघत होते, माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

फोटो घरी घेऊन आलो. कुणी अडवलं नाही.

७ एप्रिल

काल काही बोललो नसतो तर बरं झालं असतं का, हा विचार दिवसभर चालला. उपयोग काही झाला नाही. मत मला नाही, आणि ज्यांना आहे त्यांना दोघांपैकीच एक निवडायचा आहे. कोणीही आला तरी खाडी जाणार.

तेजश्रीला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही उठून बोललात?" दोनदा विचारलं. नंतर तिचा आवाज नीट येत नव्हता. रेंज गेली असावी.

पायरीवर काही नव्हतं.

१२ एप्रिल

हात्सुए-सान कुंपणावरून म्हणाल्या, "ओझाकीचे मासे पुन्हा येणार होते म्हणे. तुमच्यामुळे बंद झाले."

मी माफी मागितली.

"मागा. चार वर्षं ते आमचं खातात. या दोन महिन्यांत थोडं परत येतं, तेवढंच. तेही तुम्ही बंद केलंत."

मी पुन्हा माफी मागितली. त्या म्हणाल्या, "किती वेळा वाकाल? कंबर जाईल," आणि मुळ्याचं लोणचं दिलं. फार खारट होतं. सगळं खाल्लं.

१६ एप्रिल

प्रचार सुरू झाला. दोन गाड्या, दोन्हींवर कर्णे, रस्ता एकच. समोरासमोर आल्या की कुणीतरी मागे जायला हवं, पण निवडणुकीत मागे कोण जाणार? पोस्टासमोर अर्धा तास दोघंही आपापलं नाव ओरडत उभे होते. शेवटी पोस्टमनने त्यांना बाजूला घेऊन रस्ता मोकळा केला.

भिंतीचं नाव दोघांपैकी एकानेही घेतलं नाही. माझ्या घरासमोरून जाताना मात्र दोन्ही गाड्यांनी आवाज बंद केला. याला काय म्हणावं ते कळलं नाही.

२१ एप्रिल, रविवार

मतदान. लोक चांगले कपडे घालून शाळेकडे जाताना दिसले. मी घरीच होतो. खाडीवर गेलो नाही. गवताला फुलं यायचे दिवस आहेत, ती बघण्याची हिंमत झाली नाही.

२२ एप्रिल

सकाळी हात्सुए-सान दार न वाजवता आत आल्या. काल त्या मतमोजणी बघायला गेल्या होत्या. इथे कुणालाही बघता येतं. त्यांचा पुतण्या मोजणीचा साक्षीदार होता.

"कुराता आला. थोडक्यात."

मी मान हलवली. तसंच होणार होतं.

"पण तिसऱ्या गठ्ठ्याचं ऐका." इथे मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव हाताने लिहायचं असतं. उमेदवार नसलेल्याचं नाव लिहिलं तर मत बाद. काल बाद मतांचा गठ्ठा वाढतच गेला. ओझाकींच्या मतांपेक्षा मोठा झाला. मोजणारे आधी कुजबुजत होते, मग गप्प झाले. "पुतण्या म्हणतो, जवळजवळ सगळ्यांवर एकच नाव. पादोमिनी. कुणी कसंही लिहिलंय. एकाने तर शेजारी मासा काढलाय."

मी म्हणालो, "पण ती गेलेली आहे."

"माहीत आहे. मीही होते की अंत्यविधीला."

"मग गेलेल्या माणसाला मत देऊन काय मिळणार?"

"जिवंतांना देऊन काय मिळालं?" त्या म्हणाल्या. "आणि फळं चांगली होती."

त्या गेल्यावर तेजश्रीला फोन लावला, पण ती मीटिंगमध्ये होती. मग फोटोसमोर बसलो. तिला सांगितलं, तू हरलीस, पण दुसरी आलीस.

२५ एप्रिल

ऊन. दुपारी सरपंच आले. हातात काही नाही. जिंकलेल्या माणसासारखे दिसत नव्हते. अंगणात उभे राहूनच म्हणाले, "खाडीचा पुन्हा विचार करावा म्हणतो."

मी चहा केला.

"तुमचं काम किती सोपं आहे, बारुबे-सान," ते म्हणाले. "तुम्ही नुसतं वाटलंत. मी वीस वर्षं वाटतोय, पण माझ्या नावाशेजारी कुणी मासा काढला नाही." मग जरा थांबून, "सेन्सेई पुढच्या वेळी... म्हणजे लोक पुढच्या वेळीही असंच..."

"मला सांगता येणार नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं.

भिंत आता उत्तरेला बांधणार आहेत. ती जमीन त्यांच्या बायकोच्या माहेरची आहे.

"पण उत्तरेला वस्ती नाही," मी म्हणालो.

"अजून नाही," ते म्हणाले.

यावेळी मला समजलं. समजून गप्प बसलो, कारण मला उत्तर नको होतं, खाडी हवी होती. पण त्यांचा शब्द मी आधीही एकदा घेतला होता. म्हणून म्हणालो, "हे कर्ण्यावरून सांगाल का?" प्रत्येक टेकडीवर खांबाला कर्णे आहेत. वादळाची सूचना, बोट रद्द झाल्याची बातमी, कुणाचे आजोबा घरून निघून परत आले नाहीत, सगळं त्यावरून सांगतात.

त्यांनी पुन्हा दातांतून हवा ओढली. मी चहा पुन्हा भरला. त्यांनी तो कप संपवला.

"आज सांगतो," ते म्हणाले.

पाचला रोजची धून वाजली आणि तिच्यामागून त्यांचा आवाज आला. खाडीत कोणतंही बांधकाम होणार नाही, वाळू काढली जाणार नाही. दिवंगत पादोमिनी सेन्सेई यांची तशी इच्छा होती, आणि आपलीही पहिल्यापासून तीच इच्छा होती. कर्णे एकाच वेळी बोलत नाहीत, एकामागून एक बोलतात. तिचं नाव आधी बंदरावरून आलं, मग शाळेवरून, आणि शेवटी खाडीकडून.

हात्सुए-सान कुंपणावरून ओरडल्या, "पहिल्यापासून म्हणे!"

मी हात हलवला. अजून उजेड होता. पायरीवर वर्तमानपत्र पसरलं आणि पायाची नखं कापली.